बस्त्यावला गाडीत बसवताना

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. तीन माणसं एका शेडमध्ये एकाच गाडीभोवती दीड-दोन वर्षं चहा पीत उभी राहिली, की ते आपोआप साचतात. कसालला माझं गॅरेज आहे, वेल्डिंग आणि दुरुस्तीचं. तिथे आम्ही बस्त्यावची रोडस्टर बांधली. बांधायला फार वेळ लागला नाही. बस्त्यावला तिच्यात बसवायला लागला.

बस्त्याव म्हणजे सहा फूट चार इंच, आणि रुंदीतही देवाने हात आखडता घेतला नव्हता. जहाजावर फिटर होता. अख्खी नोकरी बंकमध्ये गुडघे दुमडून झोपला. एसटीत त्याचा एक पाय कायम वाटेत, चर्चच्या बाकावर तो कायम तिरका. रिटायर झाल्यावर त्याने सुट्ट्या भागांचं किट मागवलं. पाइपांची चासी, फायबरची बॉडी, दोन सीटा, वर टप नाही, बाजूला दारं नाहीत. इंजिन एका जुन्या गाडीचं.

खोकी टेम्पोतून उतरवताना तो म्हणाला, "सगळो जन्म दुसऱ्यांच्या मापात काढलंय. आता एक तरी वस्तू माझ्या मापाची व्हयी."

किट कोणाच्या मापाचं आहे, हे आमच्यापैकी कोणीच बघितलं नाही.

*

आमच्यातला तिसरा बाबल. मालवणच्या बंदरात फायबरच्या होड्या दुरुस्त करतो, म्हणून बॉडीचं काम त्याच्याकडे. हात चालतो त्याच्या दुप्पट तोंड चालतं.

गाडी जोडून झाली. नारळ फोडला. बस्त्यावने कडेवरून एक पाय आत टाकला, मग दुसरा, आणि हळूहळू स्वतःला खाली सोडलं. गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंनी वर आले. समोरची काच त्याच्या छातीपर्यंत होती. सीटच्या कडा कुठे दिसेनात.

बाबलने सगळीकडून फिरून बघितलं आणि शांतपणे विचारलं, "बस्त्याव, तू गाडयेत बसलंस काय गाडी नेसलंस?"

*

पहिला उपाय म्हणून सीटच काढून टाकली आणि तळावर काथ्याची गादी घातली. डोकं खाली आलं, पण पोट स्टिअरिंगला टेकलं. बाजूच्या काजूच्या बागेत कच्चा रस्ता आहे, तिथे त्याने गाडी फिरवून बघितली. सरळ जाताना ठीक. वळण आलं की तो जोर लावायला पुढे झुकायचा, पोट हॉर्नच्या बटणावर, आणि वळण संपेपर्यंत हॉर्न. बागेतली माकडं दोन दिवसांत सरावली.

"ह्याचा कायतरी कर," बस्त्याव मला म्हणाला. "वळलंय काय हॉर्न वाजता."

"चुकीचा काय त्यात?" बाबल म्हणाला. "वळणावर हॉर्न देवचोच असता."

*

पायांचं आणखी वेगळंच. ब्रेक दाबला की बुटाची कड ॲक्सिलरेटरवरही पडायची. गाडी थांबत थांबत गुरगुरायची. शेवटी बस्त्याव बूट काढून अनवाणी चालवू लागला. एकदा चर्चचे फादर रस्त्याने जात होते. गाडीत शिरण्याआधी बस्त्याव बाजूला बूट काढतोय, दोन्ही हात कडेवर टेकवून मान खाली घालून क्षणभर थांबतोय, हे त्यांनी लांबून पाहिलं. श्वास गोळा करत होता तो. रविवारी फादरनी सेलिनबायला, म्हणजे त्याच्या बायकोला, मुद्दाम गाठून सांगितलं, "तुझ्या घोवाची श्रद्धा वाढली आहे हां."

*

सेलिनबाय पाच फुटांच्या आतली. बोलली की मात्र बस्त्याव उभ्या उभ्या लहान होतो. आम्ही चासी कापून लांब करायचं ठरवलं, तेव्हा ती म्हणाली, "गाडी कापूच्या आधी ह्याका बारीक करा. ता फुकट होता."

पेज आणि उकडलेली भाजी सुरू झाली. दर सोमवारी बस्त्याव गाडीत बसायचा आणि मी पोट आणि स्टिअरिंगच्या मध्ये बोट घालून बघायचो. कधीच गेलं नाही. बस्त्याव बिचारा चेहरा करून म्हणायचा, "हाडांच रुंद आसत रे माझी."

मग एका दुपारी सेलिनबाय मालवणला बाजाराला गेली. एका खानावळीच्या दारातून मालकाने अदबीने हाक मारली, "बाय, तुमचे मिस्टर आज दिसाक नाय? त्यांची सुरमईची तुकडी बाजूक काढून ठेवलंय."

सेलिनबाय आत गेली. ती तुकडी स्वतः बसून खाल्ली, सोलकढी प्यायली, आणि घरी येऊन नवऱ्याला पेज वाढली. बोलली काहीच नाही. बस्त्याव सांगतो, तो जास्त घाबरला ते त्यामुळेच.

*

चासी कापायचीच होती, तर माप नीट हवं. बाबल म्हणाला, होडीचं माप जमिनीवर आखतात, माणसाचंही तसंच आखू. शेडच्या फरशीवर बस्त्यावला आडवा केला, गाडीत बसल्यासारखे पाय लांब, हात पुढे, आणि बाबलने खडूने त्याच्याभोवती रेघ ओढली. मग बस्त्याव उठला आणि जॅक नीट लागलाय का बघायला गाडीखाली सरकला. मी आणि बाबल हाताची घडी घालून त्या आकृतीकडे बघत उभे राहिलो. कुठून कापायचं याचा विचार करत होतो.

तेवढ्यात सेलिनबाय डबा घेऊन दारात आली. तिने जमिनीवरची आकृती बघितली. आमचे चेहरे बघितले.

"खंय आसा तो?" ती दारातूनच ओरडली.

"गाडयेखाली," बाबल म्हणाला.

डब्यातली पेज त्या दिवशी कोणालाच मिळाली नाही. बाबलच्या शर्टाला मात्र मिळाली.

*

चासी लांबवली, तळ खाली घेतला, बाबलने बॉडीला मधे जोड दिला. बस्त्याव आत बसला, पाय सरळ केले आणि बराच वेळ तसाच बसून राहिला. आम्ही विचारलं, काही टोचतंय का? त्याने नुसती मान हलवली.

मग ओरोसहून आरटीओचे एक साहेब गाडी तपासायला आले. कागद बघून झाल्यावर म्हणाले, "मालकांना जरा खाली उतरायला सांगा. आतून पाहायचं आहे."

गाडीत बसणं जमलं होतं, उतरणं अजून अवघडच होतं. साहेब दिसले की बस्त्यावची भाषा इस्त्री केल्यासारखी होते. तो म्हणाला, "उतरतो, साहेब. आपल्याला पुढे कुठे जायचं नाही ना?"

आधी स्टिअरिंग काढलं. मग एक गुडघा बाहेर आला. साहेबांनी खुर्ची मागितली. मग चहा आला. बस्त्याव पूर्ण बाहेर आला तोवर दुसरा चहाही झाला होता. साहेबांनी आत वाकून बघितलं, सही केली आणि जाताना म्हणाले, "आता मी दिसेनासा होईपर्यंत परत बसू नका."

*

पहिल्या रविवारी बस्त्याव सेलिनबायला घेऊन मालवणला निघाला. सोमवारी सकाळपासून मला फोन. बस्त्याव काल एकटाच गाडी चालवत होता, एकटाच बोलत होता, हसतही होता, बरा आहे ना तो?

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तळ खाली घेतला होता तो दोन्ही बाजूंचा. सेलिनबाय आत बसली की बाहेरून नाहीशीच होत होती.

संध्याकाळी दोघं गॅरेजवर आली. मी म्हटलं, "सेलिनबाय, चूक आमची. तुमची सीट वर घेतो. तुम्हाला काल काय दिसलं असेल?"

"माडांचे शेंडे," ती म्हणाली. तिने नवऱ्याकडे बोट केलं. "आणि हो."

"उद्याच वर घेतो."

"नको. रवांदे तशीच." तिने पदर सारखा केला. "भायरसून कोणाक दिसाक नाय, म्हणान मालवणापासून कसालापर्यंत ह्याने माझो हात धरलेलो."

बस्त्याव शेडच्या पत्र्याकडे बघायला लागला.

बाबलने डोकं खाजवलं. "ह्याने खंयच्या हातान?"

"डाव्या."

"आणि मगे गियर?"

"तो क्लच दाबी," सेलिनबाय म्हणाली, "मी गियर घाली."