फ्रेंच राज्यक्रांतीची पाच कारणं

नागपूरच्या मुलींच्या एका मराठी शाळेत मी नऊ वर्षं इतिहास शिकवला. नववीला फ्रेंच राज्यक्रांती असायची. तिची कारणं मला आजही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतील: राजाची उधळपट्टी, विषम करपद्धती, दुष्काळ आणि पावाची टंचाई, विचारवंतांचा प्रभाव, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात फ्रान्सने केलेला खर्च. पाच गुणांना पाच कारणं. मुली घडाघडा म्हणून दाखवायच्या आणि मला वाटायचं, मी छान शिकवते.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही अमेरिकेत फ्रीमाँटला आलो तेव्हा मुलगी पाच वर्षांची होती. माझ्या व्हिसावर मला काम करता येत नव्हतं. त्या काळात नव्या ओळखीत कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?" की मी "मी हिस्टरी टीचर आहे" असंच सांगायचे. 'होते' हा शब्द तोंडातून निघायचा नाही. मुलगी दहावीत गेली त्या वर्षी शेवटी वर्क परमिट आलं. तिच्या शाळेसकट गावातल्या सगळ्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये मी बदली शिक्षिकेच्या कामासाठी अर्ज केला. बोटांचे ठसे देऊन झाले, डिग्रीची कागदपत्रं गेली आणि मी उत्तराची वाट बघत बसले.

त्याच सुमाराला मुलीच्या वर्गात फ्रेंच राज्यक्रांती सुरू झाली. क्रांतीच्या आधी राजाने गावोगावच्या लोकांकडून तक्रारी लिहून मागवल्या होत्या. त्यांतल्या बारा गावांचे कागद इंग्रजीत करून तिच्या इतिहासाच्या सरांनी मुलांना दिले होते. फक्त हे कागद वाचून लिहायचं, की या लोकांना काय हवं होतं आणि ते का उठले. स्वतःच्या शब्दांत लिहायचं, घरी कुणाची मदत घ्यायची नाही. तशा फॉर्मवर मुलीने सहीसुद्धा केली होती.

रविवारी दुपारी ती डायनिंग टेबलावर लिहीत बसली होती. मी मागे उभी राहून वाचायला लागले. तिने सुरुवातच कबुतरांपासून केली होती. गावच्या जमीनदाराला कबुतरं पाळायचा हक्क होता. ती कबुतरं शेतात पेरलेलं बी टिपून खायची आणि गावकऱ्यांना त्यांना मारायची परवानगी नव्हती. आपण पेरलेलं दुसऱ्याची पाखरं खाताना नुसतं बघत उभं राहायचं, असं काहीतरी तिने लिहिलं होतं.

"हे काय गं? क्रांती काय कबुतरांमुळे होते?"

"आई, त्यांनी स्वतः लिहिलंय हे. चार गावांनी."

"असेल. पण मेन कारणं कुठे आहेत?"

"आम्हाला हेल्प घ्यायची नाहीये."

"ही हेल्प नाही," मी म्हणाले. "मी हिस्टरी टीचर आहे."

खुर्ची ओढून मी शेजारी बसले. मी मराठीत सांगत गेले, ती इंग्रजीत टाइप करत गेली. एक, दोन, तीन, चार, पाच. 'पाव मिळत नसेल तर केक खा' हे राणीचं वाक्यही मी तिला घालायला लावलं. दोनदा ती थांबली आणि दोन्ही वेळा मी म्हणाले, "लिही, लिही." चहाच्या वेळेपर्यंत कबुतरं गेली होती आणि माझ्या नववीच्या वर्गातलं उत्तर इंग्रजीत उभं होतं.

दहा-बारा दिवसांनी सरांनी आम्हाला दोघींना शाळा सुटल्यावर बोलावलं. नवरा ऑफिसात होता. सर पन्नाशीचे, हळू बोलणारे. त्यांनी निबंध आणि ते बारा कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"या निबंधातलं बरंचसं या कागदांत नाही," ते म्हणाले. "आणि राणी ते वाक्य बोलली याला पुरावा नाही. ती फ्रान्सला यायच्या आधीपासून ती गोष्ट दुसऱ्याच कुणा राजकन्येबद्दल सांगत असत."

मी नऊ वर्षं ते वाक्य राणीसारखी मान वेळावून, अभिनय करून सांगत आले होते.

त्यांनी मुलीला विचारलं, "कुणी मदत केली?"

ती टेबलाकडे बघत होती. माझ्याकडे तिने एकदाही बघितलं नाही. "नो," ती म्हणाली.

"मग इंटरनेटवरून घेतलंस?"

"थोडंसं."

मग ते माझ्याकडे वळले. "ती हे लिहीत होती तेव्हा तुम्ही पाहिलं होतंत का?"

"नाही," मी म्हणाले. "मी त्या दिवशी बाहेर होते."

किती सफाईने म्हणाले मी. अर्ज याच डिस्ट्रिक्टमध्ये आहे, हे डोक्यात होतंच. पण पुढे मी स्वतःला अर्जाचं कारण देत राहिले, तेही पूर्ण खरं नव्हतं. ते सगळं इतिहासाच्या एका शिक्षिकेने सांगितलं होतं हे त्या माणसाला कळावं, एवढंच मला सहन होणार नव्हतं.

मुलीला शून्य मिळालं. तिने नक्कल केल्याचं पत्र शाळेच्या कौन्सेलरकडे गेलं. पुन्हा लिहिलं तर अर्धे मार्क, असं ठरलं; त्यात त्या गावकऱ्यांना शेवटी काय मिळालं, तेही पुस्तकं वाचून लिहायचं होतं.

गाडीत मी म्हणाले, "सॉरी बेटा. माझं ॲप्लिकेशन..."

"आय नो."

"बाबांना सांगायचं का?"

"नको," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. आणि मला हायसं वाटलं. पोरीने माझ्यासाठी बोल स्वतःवर घेतला होता, आणि मी सिग्नलला थांबून सुटकेचा श्वास सोडत होते. खोटं बोलण्यापेक्षा त्या श्वासाची मला जास्त लाज वाटते.

नवा निबंध तिने खोलीचं दार लावून लिहिला. प्रिंटरमध्ये राहिलेली एक प्रत मी उभ्या उभ्या वाचली. तिन्ही वर्गांचे प्रतिनिधी राजाने बोलावले, पण मत प्रत्येक वर्गाला एकच. म्हणजे धर्मगुरू आणि सरदार मिळून दोन, बाकी सगळा देश मिळून एक. सामान्यांच्या प्रतिनिधींना सभागृहाचं दार बंद दिसलं तेव्हा ते टेनिसच्या कोर्टात जमले आणि राज्यघटना झाल्याशिवाय पांगणार नाही अशी शपथ घेतली. मग बॅस्टिलचा तुरुंग पडला. मग पॅरिसच्या बाजारातल्या बायका पावासाठी व्हर्सायच्या राजवाड्यापर्यंत चालत गेल्या आणि राजाराणीला पॅरिसला घेऊन आल्या. पुढे राजा वेश बदलून पळाला, वाटेत ओळखला गेला, परत आणला गेला, आणि शेवटी त्याचं डोकं उडवलं. त्यानंतर क्रांती करणारेच एकमेकांची डोकी उडवायला लागले.

हे मलाही पाठ होतं. पण ती प्रत्येक ठिकाणी थांबून विचारत होती, की तक्रारी लिहिणाऱ्या माणसांच्या हाती इथवर काय आलं? कबुतरांचा हक्क पहिल्याच उन्हाळ्यात गेला. पाव मात्र महागच राहिला. आणि व्हर्सायला चालत गेलेल्या बायकांसारख्यांनी पुढे आपली मंडळं काढली, ती त्या मोर्चानंतर चार वर्षांनी क्रांतीच्याच सरकारने बंद केली.

नागपूरला एका मुलीने मला हेच विचारलं होतं. "मॅडम, मग त्या बायकांना काय मिळालं?" मी म्हणाले होते, "ते परीक्षेला नाही." मला ठाऊक नव्हतं, हे खरं कारण. ती गप्प बसली आणि वर्षभर तिने पुन्हा काही विचारलं नाही. तेव्हा मला ते शिस्तीचं लक्षण वाटलं होतं.

मला नोकरी मिळाली. दुसऱ्याच आठवड्यात एका दिवसासाठी मुलीच्या शाळेत बदली शिक्षिका म्हणून गेले. मधल्या सुट्टीत तिच्या सरांच्या वर्गाचं दार वाजवलं. ते सँडविच खात होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं: मीच सांगून लिहून घेतलं, मी घरीच होते, मी खोटं बोलले.

त्यांनी सँडविच खाली ठेवलं. "मला शंका आली होती," ते म्हणाले. "मी तिला नंतर दोनदा एकटीला विचारलं. तिने तुमचं नाव घेतलं नाही."

मी समोरच्या बाकावर बसले.

"पत्र मागे घेता येईल. पण कौन्सेलरला कारण सांगावं लागेल. चालेल?"

मी हो म्हणाले, पण क्षणभर थांबून. ते थांबणं त्यांच्या लक्षात आलं, हे मला दिसलं.

घरी मुलीला सांगितलं तेव्हा ती दूध-कॉर्नफ्लेक्स खात होती. "आता कशाला?" ती म्हणाली.

"तुझ्यावर उगाच आळ आला म्हणून..."

"मी हँडल केलं होतं. हे तू तुझ्यासाठी केलंस, आई."

"हो," मी म्हणाले.

जेवताना मी नवऱ्यालाही सांगितलं. तो घास हातात धरून "तू?" एवढंच म्हणाला.

पत्र मागे घेतलं गेलं, मार्क पूर्ण मिळाले. माझी नोकरी टिकली. आता ती अकरावीत आहे आणि इतिहास तिने सोडलेला नाही. पण लिहीत असताना मी खोलीत गेले तर ती लॅपटॉपची स्क्रीन थोडी खाली करते. रागाने नाही, सवयीने. मी दारातच थांबते आणि विचारते, "जेवायला येतेस?"