आवाज कापलेल्या जागा

अण्णांना, माझ्या वडिलांना, दुपारच्या खेळाला घेऊन गेलो, ते केवळ तिथे गारवा असतो म्हणून. सिनेमा इंग्रजी, एका मुखवटेवाल्या वीराचा, फक्त मोठ्यांसाठी. हा वीर गच्चीवरून पडतो, हाडं जुळवत उठतो आणि जगाला शिव्या घालतो. पण शिवी आली की सेन्सॉरने आवाज कापलेला. नुसते ओठ हलतात, आणि क्षणभर सगळं थिएटर पाण्याखाली गेल्यासारखं शांत होतं. मग मागच्या रांगेतली कॉलेजची पोरं ती जागा मराठीत भरून काढतात.

मला त्या शांततेचीच ओढ लागली. आमच्या घरात ती आठ महिन्यांपासून राहायला आली आहे. झटका आल्यापासून अण्णांचेही ओठ हलतात, शब्द येत नाही. हा माणूस जन्मभर शाळेत शुद्धलेखन शिकवत आला. आम्ही नुसतं 'च्यायला' म्हटलं तरी ताटावरून उठायचे. न उमटलेले शब्द जातात कुठे? तळाशी, गाळात, गुपचूप बसून राहत असतील.

वीर पुन्हा पडला, उठला, ओठ हलले. या वेळी पोरं गप्प राहिली, आणि त्या निळसर शांततेत माझ्या शेजारून एक शिवी आली. अस्सल, कुठेही न अडखळता. अण्णा पडद्याकडेच बघत होते.

घरी आई कणीक मळत होती. तिने रोजचंच विचारलं, "काही बोलले का?"

मी शिवी जशीच्या तशी सांगितली.

तिचा हात परातीत थांबला.

"स्पष्ट?" तिने विचारलं.