चिखल्यांची राखणदार

करोरो बेच्या पार्कात तंबू ठोकायला आलेल्या पोरांना सगळ्यात आधी ओळख व्हायची ती नोलीन प्रॅटच्या आवाजाची.

"दोरी दिसते ना? मग पाय दोरीच्या बाहेर! बॉल आत गेला तर मला सांगायचं. आपण आत जायचं नाही!"

सत्तरीला टेकलेली बाई, डोक्यावर काठ लोंबलेली टोपी, नाकावर पांढऱ्या मलमाचा जाड थर. वाळूच्या टोकाला छत्री रोवून ती दिवसभर बसलेली असायची. न्यूझीलंडात ऑकलंडपासून तासाभरावरचं हे रीजनल पार्क. नाताळ उलटला की, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यात, शहरातली माणसं गाद्या, चुली, होड्या गाडीवर लादून इथे येत. त्याच दिवसांत वाळूत चिखल्या पक्ष्यांची पिल्लं नुकती पळायला लागलेली असत. इथले लोक त्यांना तुतुरिव्हाटू म्हणतात, पण चालीवरून ओळखाल, आपल्याच चिखल्याचे भाऊबंद. वाळूत नुसता खळगा करून अंडी घालायची, आणि कुणी जवळ आलं की पंख मोडल्याचं सोंग करत लंगडत भलतीकडेच पळायचं. ही जात आता फार थोडी उरली आहे. म्हणून खळग्यांभोवती दोऱ्या बांधायच्या, पाट्या लावायच्या आणि सुट्टीभर डोळ्यांत तेल घालून राखण करायची, हे काम नोलीनने अंगावर घेतलं होतं.

आयुष्यभर ती शाळेतली दातांची नर्स होती. मैदानाच्या कोपऱ्यातल्या तिच्या खोलीला पोरं खाटीकखाना म्हणायची. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं वाईट कधी वाटलं नाही. "घाबरतात म्हणून तर तोंड उघडतात," म्हणायची.

घरात मात्र तिचं तोंड मिटलेलं असे. नवरा, कॉलिन, हरहुन्नरी माणूस होता, म्हणजे दुसऱ्याच्या हातात हातोडी दिसली की काढून घेणारा. एके वर्षी तो क्लबातल्या एका बाईबरोबर राहायला गेला आणि जाताना तंबू तेवढा मागे ठेवून गेला. त्या उन्हाळ्यात ग्लेनिस तिच्या दारात येऊन उभी राहिली.

ग्लेनिस समोरच्या घरातली. मोठ्याने हसणारी, मोठ्याने भांडणारी. "ऊठ," ती म्हणाली, "रडायचंय ना, मग समुद्रावर रड. निदान हवा तरी चांगली असते."

तिनेच नोलीनला खुंटी ठोकायला शिकवलं. पहिल्या रात्री वाऱ्याने तंबू उडाला, तेव्हा दोघी ग्लेनिसच्या कॅरॅव्हॅनमध्ये एका पांघरुणात झोपल्या आणि हसून हसून पोट धरलं. तेव्हापासून एकही सुट्टी चुकली नाही. पोहुतुकावाच्या दोन झाडांमधली जागा त्यांची. उजवीकडे ग्लेनिसची कॅरॅव्हॅन, डावीकडे नोलीनचा तंबू, मधे दोन खुर्च्या. शेजारी मर्व आणि बेव्ह हे जोडपं, आणि दरवर्षीची आणखी पाचसहा बिऱ्हाडं. बेव्ह पाव्हलोव्हाचा गोड केक करायची, मर्व सॉसेज भाजायचा. कुणाला नातू झाला, कुणाचा गुडघा बदलला, सगळं सगळ्यांना माहीत. नोलीनला मूलबाळ नव्हतं. आपली माणसं कोणती, असं कुणी विचारलं असतं तर तिने याच खुर्च्यांकडे बोट दाखवलं असतं.

पार्कात कुत्र्यांना बंदी होती. ग्लेनिसचा डफी नावाचा एक टेरियर होता, खोडकर आणि लाडावलेला. "सुनेकडे टाकून आलेय," ती या वर्षीही म्हणाली. "जीव तुटतो गं, पण तुझ्या पाखरांसाठी काय नाही करायचं!"

नव्या वर्षाच्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. सकाळी नोलीन चहाचा थर्मास घेऊन टोकाला गेली. दोरी एका बाजूला लोंबत होती. आत दोन्ही पिल्लं मरून पडली होती आणि थोडं पलीकडे त्यांच्या बापाची पिसं विखुरली होती. मादी खळग्याभोवती चकरा मारत ओरडत होती. ओल्या वाळूत लहान, गोल पंजे उमटले होते.

ती तिथेच वाळूत बसली. थोड्या वेळाने ग्लेनिस मागून आली, तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

"कुत्रा," नोलीन म्हणाली.

"हो," ग्लेनिस म्हणाली. मग हळूच, "तुला सांगू की नको, असं झालंय. पहाटे मी बाथरूमला निघाले होते. त्या टोंगन लोकांची पांढरी गाडी आहे ना, तिच्यात काहीतरी चढताना पाहिलं. लहानसं. मला वाटलं, पोरगंच असेल."

टोंगन कुटुंब, मूळचं टोंगा बेटांवरचं, ऑकलंडच्या मांगेरे भागातून पहिल्यांदाच आलं होतं. चार तंबू, एक म्हातारे आजोबा, बरीच पोरं आणि सगळ्यांच्या अंगात त्यांच्या चर्चचं नाव छापलेले हिरवे टी-शर्ट. संध्याकाळी ते गायचे. आदल्याच दिवशी त्यांच्यातल्या लोसालीनेने नोलीनला नारळाच्या दुधातली कच्ची मासळी वाटीभर आणून दिली होती आणि नोलीनने बोटं चाटून खाल्ली होती.

तरी ती गेली. भांडी घासायच्या उघड्या मोरीपाशी सकाळची गर्दी होती. लोसालीने पातेलं घासत होती.

"तुमचा कुत्रा कुठाय?" नोलीनने विचारलं. आवाज तोच, शाळेतला.

"आमच्याकडे कुत्रा नाही, बाई."

"पाहणाऱ्यांनी पाहिलाय."

"कुणी पाहिलाय?" लोसालीनेने पातेलं खाली ठेवलं. "त्यांना म्हणावं, पुढे या. गाडी उघडते, बघा. तंबू उघडते, बघा."

नोलीनने खरंच जाऊन गाडीत डोकावून पाहिलं. आत गाद्या होत्या, तारोच्या कंदांची पोती होती. "लपवला असेल कुठेतरी," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "तीन जीव गेलेत. येतानाच पाटी वाचायची असते!"

मर्वने नळ बंद केला. बेव्हने पुसलेला कप पुन्हा पुसला. ग्लेनिस एका ताटलीकडे बघत उभी होती.

रेंजर रेवी आला. शांत माओरी माणूस, नोलीनला आंटी म्हणणारा. त्याने सगळं ऐकून घेतलं. "आंटी, कुत्र्याचा एक केस सापडला नाही, भुंकणं कुणी ऐकलं नाही. कुणी एकाने अंधारात काही पाहिलं, यावर मी कुणाला काढू शकत नाही," तो म्हणाला.

काढायची वेळच आली नाही. दुपारपर्यंत त्या लोकांनी चारही तंबू उतरवले. लोसालीनेचा नवरा सेमीसी आजोबांना हाताला धरून गाडीत बसवत होता. म्हातारा पुन्हा पुन्हा विचारत होता, आताच का निघायचं, आणि सेमीसी त्याला त्यांच्या भाषेत काहीतरी सांगत होता. ते बोलणं नोलीनला कळलं नाही, पण कुणी तिच्याकडे पाहिलं नाही हे मात्र कळलं. गाड्या गेल्या तेव्हा तिला बरं वाटलं होतं. हे तिने नंतर स्वतःच सांगितलं, म्हणून लिहितो.

दोन दिवसांनी ग्लेनिस बाकीच्यांबरोबर गावात सामान आणायला गेली. जाताना नोलीनला म्हणाली, "येतेस का?" नोलीनचं मन लागत नव्हतं. ती मागे राहिली. तासाभरात आभाळ भरून आलं आणि सरी कोसळायला लागल्या. ग्लेनिसच्या कॅरॅव्हॅनचं छताचं झडप उघडंच होतं. आत गाद्या भिजतील म्हणून नोलीन पायरीखालची किल्ली काढून दार उघडायला गेली.

आतून कुणीतरी कुईकुई केलं.

दार उघडताच डफीने तिच्या अंगावर उडी मारली. शेपटी हलवत, हात चाटत, पायांत घोटाळत. किती दिवसांनी नोलीन दिसली होती त्याला! नोलीनने झडप लावलं. मग कॉटवर बसली. कुत्रा तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडला आणि तिने सवयीने त्याच्या कानामागे खाजवलं. पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय, ते तिला त्या कॅरॅव्हॅनच्या पक्क्या जमिनीवर बसून कळलं.

ग्लेनिस पिशव्या घेऊन आली तेव्हा नोलीन तशीच बसलेली होती.

"अगं," ग्लेनिस म्हणाली. मग पिशव्या खाली ठेवल्या. "हे बघ, सूनबाईने ऐन वेळी नाही म्हटलं. मी काय करणार होते? रस्त्यावर सोडू त्याला?"

"त्या सकाळी तो बाहेर होता?"

"झुडपामागे घेऊन गेले होते. पट्टा सुटला हातातून. क्षणभराची गोष्ट, नोलीन. मी काय मुद्दाम केलं?"

"पाखरांचं विचारत नाहीये मी." नोलीनचा आवाज इतका खाली आला होता की ग्लेनिसला पुढे वाकावं लागलं. "तू मला त्या लोकांची गाडी दाखवलीस."

"मी म्हणाले, काहीतरी चढताना पाहिलं. बस्स. मोरीवर जाऊन तमाशा कुणी केला? मी केला? गाडीत डोकावून कुणी पाहिलं?"

"तू शेजारी उभी होतीस!"

"मग काय सगळ्यांसमोर सांगू, माझ्या कुत्र्याने मारलं म्हणून? इथून कायमचं हाकललं असतं मला. आपली जागा गेली असती. आपली, तुझीसुद्धा! त्यांचं काय, ते दुसरीकडे जातील कुठेतरी."

कॉलिन गेला तेव्हा नोलीनला निदान ठाऊक होतं की तो जाणारा माणूस आहे. त्याची पाठ तिने आधीही पाहिली होती. त्या वेळी रडायला ग्लेनिसचा खांदा होता. आता त्याच बाईने केसाने गळा कापला होता, तर रडायचं कुणापाशी? ती उठली, डफीला अलगद बाजूला केलं आणि पावसातच रेवीच्या ऑफिसकडे चालत गेली.

संध्याकाळी ग्लेनिसची कॅरॅव्हॅन निघाली. खिडकीची काच खाली करून ती एवढंच म्हणाली, "कुत्र्यापायी मैत्रिणीला धरून दिलंस तू."

रविवारी नोलीन मांगेरेला गेली. पत्ता नव्हता, पण हिरव्या टी-शर्टांवरचं चर्चचं नाव लक्षात होतं. प्रार्थना संपल्यावर बाजूच्या हॉलमध्ये जेवणं मांडत होते. लोसालीने अळूच्या पानांत बांधलेल्या मटणाचा मोठा ट्रे घेऊन चालली होती. नोलीनला पाहून थांबली.

नोलीनने तिला बाजूला नेलं आणि सगळं सांगितलं. कुत्रा कुणाचा, खोटं कुणाचं, चूक कुणाची. लोसालीनेने ट्रे हातात धरूनच ऐकलं.

"तुम्ही आलात, हे चांगलं केलंत," शेवटी ती म्हणाली. "पण बाई, त्या दिवशी मला बोललात ते सगळ्या जगासमोर. आज माफी मागताय ती माझ्या कानात."

"कुणाला सांगू? इथे सगळ्यांना सांगते, चला."

"इथल्यांना माहीत आहे आमच्याकडे कुत्रा नाही." ट्रे जड झाला होता, तिने तो कंबरेवर टेकवला. "आता जाते. आजोबा जेवायचे थांबलेत."

आत चला, असं ती म्हणाली नाही, आणि नोलीनने ती अपेक्षाही केली नव्हती.

त्याच संध्याकाळी ती पार्कात परतली. मर्व सॉसेज भाजत होता, खुर्च्या गोल मांडल्या होत्या. नोलीन मधोमध जाऊन उभी राहिली.

"मला एक सांगायचंय," ती म्हणाली. "मोरीवर मी त्या टोंगन बाईला जे बोलले, ते खोटं होतं. कुत्रा ग्लेनिसचा होता. डफी. कॅरॅव्हॅनमध्ये लपवलेला. त्या बाईने मला खरं सांगितलं होतं आणि मी तिला चारचौघांत चोर ठरवलं."

तिला वाटलं होतं, कुणीतरी दचकेल. कुणी म्हणेल, अरे देवा, ग्लेनिसचा?

मर्वने सॉसेज उलटलं. "बिचारा दिवसभर आत कोंडलेला," तो म्हणाला. "मी त्याला अधूनमधून तुकडा टाकायचो खिडकीतून."

नोलीनला आधी कळलंच नाही. तिने बेव्हकडे पाहिलं. बेव्ह स्वतःच्या चपलांकडे पाहत होती.

"तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, तुला सांगितलं असतं तर तू लगेच रेवीकडे गेली असतीस," बेव्ह म्हणाली. "ग्लेनिसने सगळ्यांना शपथ घातली होती. तुला दुखवायचं नव्हतं गं."

"आणि मोरीवर? मी त्या बाईला बोलत होते तेव्हा? तू तिथेच होतीस, बेव्ह. तू कप पुसत होतीस."

"आता जाऊ दे ना," पलीकडून कुणीतरी म्हणालं. "आतल्या आतली गोष्ट. सुट्टी कशाला नासवायची? बस, सॉसेज घे."

नोलीनने त्या गोल खुर्च्यांवरून नजर फिरवली. एकूण एक माणूस ओळखीचा होता. कुणाच्या कुठल्या दातात चांदी भरलीय तेसुद्धा तिला पाठ होतं. एका बाईने फसवलं असतं तर तिला दोष देऊन मोकळं होता आलं असतं. हे सगळे तिच्या हातचा चहा पीत होते आणि तिला मूर्ख ठरवून गप्प बसले होते. वर त्याला माया म्हणत होते.

ती बसली नाही. उजेड होता तोवर तिने खुंट्या उपटल्या, तंबू गुंडाळला आणि घरी गेली.

पुढच्या उन्हाळ्यात ती येणार नाही, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. ती आली, कारण पाखरांनी तिचं काही बिघडवलं नव्हतं. उरलेल्या मादीला नवा जोडीदार मिळाला होता. मात्र तंबू तिने झाडांपाशी ठोकला नाही. पार्काच्या पार दुसऱ्या टोकाला, खारफुटीजवळ, जिथे डास असतात म्हणून कुणी फिरकत नाही, तिथे ठोकला. लोसालीनेला तिने दोनदा फोन केला होता. ती सभ्यपणे बोलली, पण पार्कात यायचं म्हणाली नाही. ग्लेनिसला एक हंगाम बंदी झाली होती. ती डफीला घेऊन दुसऱ्या कुठल्याशा किनाऱ्यावर गेली, आणि मर्व-बेव्ह तिला भेटायला जाऊन आले, हेही नोलीनच्या कानावर आलंच.

एका दुपारी बेव्ह पाव्हलोव्हाचा तुकडा बशीत घेऊन वाळू तुडवत तिच्या छत्रीपर्यंत आली.

"तुझ्यासाठी काढून ठेवला होता," ती म्हणाली. "वर किवी घातलंय, तुला आवडतं तसं."

नोलीनने दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही.

"आभारी आहे," ती म्हणाली. "पण माझं खाणं झालंय. आणि बेव्ह, जाताना जरा दोरीच्या बाहेरून जा."