मागच्या सीटवरची ट्रायल

सिकंदराबादेत सायलेन्सरचं काम करणारे ढिगानं आहेत, पण ट्रायलला बायकोला मागच्या सीटवर बसवणारे एकटे हिम्मतराव. आजोबा उदगीरकडचे शेतकरी, वडील रेल्वेत, आणि हे पाइप वाकवणारे. दुकान घराच्या पुढच्या खोलीत. पाइप जोडून झाला की आत हाक जायची, "भामा, चल गं." भामाबाई पदराला हात पुसत यायच्या आणि गिऱ्हाइकाच्या गाडीत मागं बसायच्या. बेगमपेटचा फ्लायओव्हर चढून-उतरून गाडी परत आली की हिम्मतराव विचारायचे, "कसा आहे?" त्या "बरा आहे" म्हणाल्या की गाडी गिऱ्हाइकाची. "घुमतोय" म्हणाल्या की पुन्हा जॅकवर. पुढं बसणाऱ्याला आवाज गोडच लागतो, खरी घूम मागं असते, हे हिम्मतरावांचं शास्त्र. गिऱ्हाइकं हसायची, पण पुढची गाडी घेऊन तिथंच यायची.

आठ महिन्यांपूर्वी भामाबाई गेल्या. ताप आला आणि चौथ्या दिवशी सगळं आटोपलं. हिम्मतराव रडले नाहीत. तेराव्याला स्वतः पंगतीत वाढत होते. मग दुकान उघडलं, पण ट्रायल बंद केली. पूर्वी चुकीचा पाइप मागणाऱ्याला दारातून पिटाळणारा हा खवट माणूस आता गिऱ्हाईक सांगेल ते जोडून द्यायला लागला. भाजीत मीठ नसलं तरी कळेना. चिक्कडपल्लीला दिलेली मुलगी, चारुलता, रोज फोन करून विचारायची, "बाबा, जेवलात?" हे "हौ" म्हणून फोन ठेवायचे. असंच चाललं तर चाळीस वर्षांत कमावलेलं नाव वर्षभरात धुळीला मिळणार होतं. ते त्यांना दिसत होतं, पण त्याचंही काही वाटत नव्हतं.

एका रविवारी सकाळी चिक्कडपल्लीचाच रोहन नवी टर्बो गाडी घेऊन आला. त्याच्या वडिलांच्या तीन गाड्या हिम्मतरावांच्या हाताखालून गेलेल्या.

"अंकल, तीन इंची डालो. टर्बोला मोठा पाइप लागतो म्हणे."

म्हणणं अर्धं खरं होतं. टर्बोच्या मागं धूर तुंबू द्यायचा नसतो, म्हणून पाइप मोठा हवा. पण किती मोठा, ते इंजिनाच्या ताकदीवर. या एवढ्याशा इंजिनाला सव्वादोन इंच पुरे, अडीच म्हणजे डोक्यावरून पाणी. तीन इंचानं जोर वाढणार नव्हता, नुसता गोंगाट वाढणार होता. एरवी हिम्मतरावांनी पोराचा कान धरून हे ऐकवलं असतं. आज ते "ठीक" म्हणाले आणि तीन इंची जोडून मोकळे झाले.

"अंकल, ट्रायल?" रोहननं विचारलं. "पप्पा बोलले, ट्रायलशिवाय गाडी आणू नको. उद्या आजीला नांदेडला सोडायचंय ना."

"आजी कुठं बसणार?"

"मागं. तिला पाय लांब करायला लागतात."

नांदेड म्हणजे पाच-सहा तास. हिम्मतरावांनी मागचं दार उघडलं. इतक्या वर्षांत त्या सीटवर ते कधीच बसले नव्हते.

फ्लायओव्हरच्या चढावर रोहननं गाडी तिसऱ्या गिअरमध्ये दाबली आणि घूम सुरू झाली. ती कानात नव्हती, दाढांत होती, डोळ्यांच्या मागं होती. पिठाच्या गिरणीला डोकं टेकून बसावं तसं झालं. "मस्त ना, अंकल?" रोहन पुढून ओरडला. उतारावर पुन्हा तेच. परत येईस्तोवर हिम्मतरावांचं कपाळ ठणकायला लागलं होतं.

"काढतो हा पाइप," खाली उतरून ते म्हणाले. "सव्वादोन इंची टाकतो."

"पण अंकल, मला साउंड..."

"साउंड गेला खड्ड्यात! नांदेड येईस्तोवर म्हातारी आडवी होईल."

हिम्मतराव स्टुलावर बसले, दोन्ही हातांनी डोकं दाबलं. एका फेरीत ही गत. मग आठवड्याला तीन-चार फेऱ्या, वर्षानुवर्षं? त्यांनी फोन काढला. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी आपणहून लेकीला फोन लावला.

"चारू, तुझ्या आईचं डोकं दुखायचं का गं?"

"ट्रायल असली की दुखायचं. डोक्याला फडकं बांधून आतल्या खोलीत पडायची."

"मला कधी बोलली नाही ती."

"तुम्ही विचारलंच कुठं, बाबा? तुम्ही पाइपचं विचारायचात."

फोन कानालाच राहिला. हिम्मतरावांना आधी शरम वाटली, सपाटून शरम, आणि मग ते रोहनच्या देखत ओक्साबोक्शी रडायला लागले.