आधी नमस्कार, मग सोल्डरिंग

आदरणीय सुमनअक्का पंचाहत्तर वर्षं पूर्ण करत आहेत. गौरव समितीने मलाही लिहायला सांगितलं, तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. एक तर माझं शिक्षण दहावीपर्यंतचं, आणि दुसरं म्हणजे अक्कांबद्दल खरं लिहायचं तर माझी फजिती सांगावीच लागते. ती आमच्या गल्लीने पाहिलेलीच आहे, म्हणा. तरी कागदावर उतरवताना कान गरम होतात.

अक्कांची ओळख झाली ती देवघरातल्या दिव्यांच्या माळेमुळे. माळ दरवर्षी बंद पडायची, आणि दरवर्षी नवी घेणं परवडलं तरी मला पटत नव्हतं. तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई इथेच धुळ्यात, घराच्या मागच्या पडवीत, हौशी लोकांना वायरी जोडायला शिकवतात असं कळलं. मी माळ घेऊन गेले. वाटलं, दुरुस्त करून देतील. त्यांनी गरम सोल्डरिंग आयर्न माझ्याच हातात दिलं.

"एका हातात हे, दुसऱ्या हातात सोल्डरची तार. आता वायर कशाने धरशील?"

"तुम्ही धरा ना, अक्का."

"आज मी धरेन. घरी कोण धरेल, तुझे मालक? त्यांचं बोट भाजलं तर दिवाळीपर्यंत ऐकवतील तुला!"

मग त्यांनी आपला पाट पुढे ओढला. जेवायला बसायचा जुनाच पाट, त्यावर कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे पक्के बसवलेले. वायर चिमट्यात धरायची. वायर कनेक्टरला जोडायची असेल तर त्यात आधी त्याच्या जोडीचा कनेक्टर खोचून ठेवायचा, म्हणजे उष्णतेने प्लास्टिक मऊ झालं तरी पिना जागच्या हलत नाहीत. आणि जोड थंड होईपर्यंत श्वाससुद्धा बेताने घ्यायचा. काटकसरीची मला आवड, त्यामुळे तो पाट पाहूनच मी त्यांची शिष्या झाले. पुढे वर्गाचा हिशेबही त्यांनी विश्वासाने माझ्याकडे दिला.

गेल्या नवरात्रात देवीच्या मंदिरातल्या दिव्यांची वायर तुटली. अक्कांनी मला पाठवलं. एवढ्याशा कामाला पाट कशाला न्यायचा, म्हणून मी तो नेला नाही. सभामंडपात नव्या कोऱ्या सतरंजीवर बसले, वायर बोटांत धरली, आयर्न टेकवलं, आणि नेमकी आरतीची घंटा झाली. जन्माची सवय, माझे दोन्ही हात आपोआप जोडले गेले. आयर्न सतरंजीवर पडलं. धूर निघाला.

"हाई काय करं वं बाई! बठ्ठी सतरंजी जाळी टाकी!" शेजारच्या जिजी ओरडल्या आणि आरती सोडून बायका हसत सुटल्या. सतरंजी भरून दिली, पण लाज कशाने भरून देणार? मी मंदिरात दुपारी, कुणी नसताना जाऊ लागले. अक्कांचा वर्गही सोडायचं ठरवलं.

दोन शनिवार चुकल्यावर अक्का स्वतः घरी आल्या. गुडघे दुखत असताना जिना चढून आल्या. स्वयंपाकघरात बसून त्यांनी विचारलं, "हात जोडले म्हणून लाज वाटते का तुला?"

"नाही अक्का. सतरंजी जळली म्हणून."

"मग सतरंजीपुरतीच वाटू दे. हातांनी काय गुन्हा केला? पाट नेला असतास तर वायर चिमट्यात राहिली असती, आयर्न स्टँडवर ठेवून तू खुशाल आरती केली असतीस. शनिवारी ये."

मी गेले. अक्कांनी वर्गात नवा नियम केला होता. काम पाटावर बसवायचं, मग दोन्ही हात सोडून नमस्कार करायचा. तेवढ्या वेळात वायर जराही सरकली नाही तरच आयर्न उचलायचं. आता प्राध्यापक असोत की रावेरहून येणारे केळीचे व्यापारी, सगळे आधी हात जोडतात. नव्यांना वाटतं, अक्का फार देवभोळ्या. कुणी कारण विचारलंच तर अक्का "तसं काम पक्कं होतं" एवढंच म्हणतात. माझं नाव त्यांनी एकदाही घेतलेलं नाही. माझी मान मात्र दर वेळी खाली जाते, आणि अक्का ते पाहूनही न पाहिल्यासारखं करतात. त्यांच्या चांगुलपणाबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिलं असेल. मला हे न पाहणं सगळ्यांत मोठं वाटतं.

अक्कांचा सत्कार त्याच मंदिराच्या सभामंडपात आहे. जिजी असतील, त्या सगळ्या बायका असतील. मी मागे खांबाआड उभी राहीन म्हटलं, तर अक्का म्हणाल्या, "पुढे बसलीस तरच मी हार घालून घेईन. नाहीतर राहू दे सत्कार."

तेव्हा मी पुढे बसणार आहे. लाज काही गेलेली नाही. तिलाही शेजारी घेऊन बसेन. अक्कांचे गुडघे कुरकुर न करोत, बारीक पिना त्यांना चष्म्यातून स्पष्ट दिसत राहोत, आणि आमच्यासारख्यांना घरी येऊन रागावण्याइतकं बळ देवी त्यांना पुष्कळ वर्षं देवो.