निंगप्पाचा यंत्रमानव

निंगप्पा बिराजदार सोलापुरातल्या एका सूतगिरणीत वायरमन होता. कामावरून आला की चहा घेऊन थेट मागच्या खोलीत शिरायचा. तिथं तो यंत्रमानव बनवत होता. पत्र्याचं धड, सायकलच्या साखळीवर फिरणारी चाकं आणि छातीत एक हिरवा सर्किट बोर्ड. थांब, वळ, हात वर कर, हे हुकूम तो बोर्डच सोडायचा. अठ्ठ्याहत्तर सालच्या गड्ड्याच्या जत्रेत लोकांसमोर यंत्रमानव चालवायचा, एवढंच निंगप्पाच्या मनात होतं.

वीज घ्यायची होती ट्रकच्या जुन्या बॅटरीतून. बोर्डावरच्या आयसींना, त्या इवल्या काळ्या चिपांना, पाचच व्होल्ट सोसत. बॅटरी देणार बारा, चार्जिंगवर असताना चौदाच्याही वर. मुंबईहून मागवलेली एक आयसी त्यानं पहिल्याच दिवशी जाळली. मग मात्र बोर्डाला जिवापाड जपलं. बॅटरीच्या ज्या शिशाच्या खांबाला वायर जोडतात, त्यालगत फ्यूज बसवला. वायरी चुकून उलट्या लागल्या तर म्हणून डायोड टाकला. व्होल्ट पाचावर आणणारा रेग्युलेटर तापू नये म्हणून त्याला ॲल्युमिनियमचा जाड पत्रा जोडला. रस्त्यावरची धूळ बसू नये म्हणून खोलीची एकुलती एक खिडकी लावून घेतली आणि फटींत चिंध्या कोंबल्या.

त्यानंतर खोलीची कळाच बदलली.

त्याची बायको चंद्रव्वा तिथं झाडायला गेली की तिचा घसा खवखवायचा. तिथल्याच दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्याला बारीक भोकं पडली. बोट लावलं की कापड सुटून यायचं. बॅटरी चार्जिंगला लागली की आत काहीतरी शिजत असल्यासारखा आवाज भिंतीपलीकडं ऐकू यायचा.

"अवो, आत काय खदखदतंय?"

"बॅटरीतनं गॅस सुटतोय थोडा. तिची टोपणं उघडीच ठेवल्यात."

"मग खिडकी उघडा की."

"धूळ येतीया. गड्डा झाला की उघडू."

एकदा तिनंच ती उघडली. संध्याकाळी त्यानं परत लावली. त्या दिवसापासून तिनं त्या खोलीतल्या कोनाड्यातल्या देवापुढं दिवा लावणं बंद केलं. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

जत्रेच्या आदल्या रविवारी बॅटरी सकाळपासून चार्जिंगवर होती. जेवण झाल्यावर निंगप्पा आत गेला आणि चार्जर बंद न करताच खांबावरचा चिमटा ओढला. ठिणगी उडाली आणि बंद खोलीत साठलेल्या गॅसनं पेट घेतला. चंद्रव्वा अंगणात भांडी घासत होती. तिला वाटलं, भिंत पडली.

बॅटरी वरून फुटली होती. ॲसिड त्याच्या तोंडावर उडालं होतं. डोळे मिटून तो दार चाचपडत होता. तिनं त्याला ओढत हौदापाशी नेलं आणि तांब्यामागून तांब्या तोंडावर ओतत राहिली. शेजारी टांगा घेऊन आले तरी तिचा हात थांबेना.

डावा डोळा गेला. उजवा त्या पाण्यामुळं वाचला, असं डॉक्टर म्हणाले.

पट्टी सुटल्यावर निंगप्पानं सगळ्यात आधी बोर्ड तपासला. एकही आयसी जळली नव्हती.

"बोर्डाला काय झालं न्हाय," तो म्हणाला.

चंद्रव्वा उंबऱ्याच्या अलीकडंच उभी होती. "त्याला काय हुणार? त्याची काळजी घेतलीच हुती की तुमी."

पुढच्या वर्षीच्या गड्ड्याला यंत्रमानव चालला, हातही वर केला. चंद्रव्वा बघायला गेली नाही. बॅटरी आता अंगणात चार्ज व्हायची, आणि तेवढा वेळ ती शेजारच्या घरी जाऊन बसायची.