पडद्यापलीकडचा खर्ज

सावद्यात लग्नाचा मांडव पडला की स्पीकर जब्बारभाईंचेच, गेली तीस वर्षं. मी विज्ञान शिकवतो आणि त्यांच्या शेजारी राहतो, हे माझे दोन गुन्हे. म्हणून त्यांच्या जीनतच्या निकाहाच्या आदल्या दुपारी त्यांनी मला मांडवात बोलावून घेतलं.

"सर, पोरीच्या लग्नात तरी आवाजात खोट नको. हे मिलिसेकंद काय असतं, सांगा."

समोर आवाज जुळवायचं नवं मशीन, प्रोसेसर होता. खर्जाचा, धम् वाजवणारा मोठा डबा आणि खांबांवरचे थाप वाजवणारे छोटे डबे यांचा मेळ ते आजवर डबे हात-दीड हात मागेपुढे सरकवून बसवत. तेही माणसं जमल्यावर, कारण रिकाम्या मांडवाचा त्यांना भरवसा नसे. आता तेच काम आकड्यानं व्हायचं होतं. त्यांनी आकडे शून्यावर ठेवून ढोलकी लावली आणि स्टेजपाशी, पुरुषांच्या बाजूच्या मोठ्या डब्याशेजारी उभे राहिले.

"बरोबर तर आहे. मग हे मशीन कशाला घेतलं मी?"

मलाही कळेना. मी गंभीरपणे मान हलवली, मास्तरकीत तेवढं जमतं.

तेवढ्यात पडद्यापलीकडे, बायकांच्या बाजूला सतरंज्या अंथरणाऱ्या त्यांच्या पत्नी जुबेदाभाभी म्हणाल्या, "इकडे तर थाप आधी येते, धम् मागून."

"कधीपासून?" जब्बारभाईंनी विचारलं.

"नेहमीच. मला वाटायचं, लाउडस्पीकर असाच वाजतो."

जब्बारभाई मटकन खाली बसले. भरल्या मांडवात बायकांच्या बाजूला जायचं नाही, म्हणून तिकडचा आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. मला त्यांची कीव आली आणि रागही आला. राग नेमका कोणाचा, ते ठरेना.

आम्ही पडदा सारून तिकडे गेलो. मोठा डबा तिथून साठ-सत्तर फूट लांब, छोटे मात्र डोक्यावरच. "खर्ज उशिरा येतोय ना, मग त्याला पुढे घ्या," मी म्हणालो. पण मशीनला पुढे घेणं येत नव्हतं, त्याला फक्त थांबवणं येत होतं. म्हणजे आधी पोचणाऱ्या छोट्या डब्यांनाच थांबवायचं. एवढं डोक्यात शिरायला आम्हा दोघांना तास लागला. अठ्ठावन्न मिलिसेकंदांवर थाप आणि धम् एकत्र पडले. भाभी हसल्या.

जब्बारभाई लगबगीनं पुरुषांच्या बाजूला गेले, तर तिथे आता सगळं फाटलेलं, धम् आधी आणि थाप मागून. छोटे डबे सगळे एकाच वायरवर, त्यांना आकडाही एकच.

"सर, मग खरा कुठला?"

मी प्रोसेसरकडे पाहिलं, आकडा अठ्ठावन्नवरच होता.

दुसऱ्या दिवशी पुरुषांत भुसावळचे, धुळ्याचे साउंडवाले येऊन बसले होते. जब्बारभाईंच्या कानाला मानणारी माणसं. माइक सुरू झाला तसा धुळ्याचा तोताराम वाकून म्हणाला, "हाई काय शे, जब्बारभाऊ? तुना कान गया का?"

जब्बारभाईंचा चेहरा उतरला. हात प्रोसेसरपर्यंत गेला. इतक्यात काझींनी जीनतचं नाव घेतलं. ती पडद्यापलीकडे बसली होती.

"गेला असेल," जब्बारभाई म्हणाले आणि त्यांनी हात मागे घेतला.